चिमूरची हाक आणि बापूजींचा राजीनामा

‘लोकनायक’ म्हटले, की महाराष्ट्रात आज बहुतेकांना जयप्रकाश नारायण आठवतात. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत मात्र हा शब्द निघाला की पहिले नाव येते बापूजी अण्यांचे. माधव श्रीहरी अणे. टिळकांचे अनुयायी, संस्कृतचे व्यासंगी, यवतमाळचे नामांकित वकील, जंगल सत्याग्रहाचे पुढारी आणि पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद. या शेवटच्या पदाशी आले की सांगणाऱ्याचा आवाज थोडा खाली जातो, आणि मग लगेच सावरून तो त्यांच्या राजीनाम्याची गोष्ट सांगू लागतो.

गोष्ट खरी आहे. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये उपोषणाला बसले असताना बापूजींनी सरकारी पद सोडले. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला ती गोष्ट इतक्यावर संपवता येत नाही. कारण त्या राजीनाम्याच्या साडेतीन महिने आधी बापूजींच्या दिल्लीतल्या दारात एक माणूस चिमूरचे गाऱ्हाणे घेऊन येऊन बसला होता, आणि त्या वेळी बापूजी खुर्चीवरून उठले नव्हते.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. वणी यवतमाळ जिल्ह्यात असली, तरी तिचा ओढा चंद्रपूरकडेच. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा सुरू होतो, आणि वणी विधानसभा मतदारसंघ आज चंद्रपूर लोकसभा मतदारसंघातच मोडतो. इंग्रजी अमलात ही नदी दोन मुलखांची शीव होती. पलीकडे मध्यप्रांतातला चांदा जिल्हा, अलीकडे निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वऱ्हाड. कारभार १९०३ पासून एकत्र झाला, तरी माणसे वऱ्हाडी ती वऱ्हाडी आणि झाडीपट्टीची ती झाडीपट्टीची, असेच चालू राहिले. जंगल मात्र दोन्हीकडे सारखेच होते, आणि जंगलावरचा पहाराही.

नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी, मग अमरावतीला काही वर्षे मास्तरकी, मग वकिलीची परीक्षा आणि १९०८ पासून यवतमाळला वकिली. १९०८ म्हणजे टिळकांना मंडालेला धाडले ते साल. बापूजींच्या पिढीतल्या कितीतरी तरुणांनी त्या वर्षी मनाशी काहीतरी ठरवून टाकले. पण सगळ्यांनी एकच ठरवले असे नाही. बापूजींनी टिळकांकडून घेतली ती प्रतियोगी सहकारितेची शिकवण. सरकार जितके देईल तितके पदरात पाडून घ्यायचे, कायदेमंडळात जायचे, तिथे भांडायचे आणि उरलेल्यासाठी बाहेर भांडायचे. गांधीजींचा असहकार त्यांना मनापासून कधीच पटला नाही. केळकर, जयकर, मुंजे यांच्या पंक्तीत ते बसले. १९२८ च्या नेहरू समितीवर ते होते. बंगाल काँग्रेसमधला सुभाषबाबू आणि सेनगुप्त यांच्या गटांतला तंटा विकोपाला गेला, तेव्हा निवाडा करायला १९३१ मध्ये काँग्रेसने याच वऱ्हाडी वकिलाला पाठवले. नियम वाचणारा, दोन्ही बाजू ऐकून घेणारा आणि आवाज न चढवणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती.

असा माणूस कायदा मोडायला निघतो, तेव्हा ती नुसती चळवळ राहत नाही.

१९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. विदर्भाला समुद्र नाही. दांडीसारखे मीठ उचलायचे तरी कुठून? तेव्हा वऱ्हाडातल्या आणि मध्यप्रांतातल्या कार्यकर्त्यांनी जंगलाचा कायदा निवडला, आणि ही निवड फार मार्मिक होती. मिठाचा कर शहरातल्या माणसाला हिशेबात दिसे. जंगलाचा कायदा खेड्यातल्या माणसाला रोज पायात काट्यासारखा बोचे. राखीव जंगलात गवत कापायचे तर परवाना, गुरे चारायची तर चराईची फी, सरपणाची मोळी आणायची तर नाक्यावरच्या माणसाची मर्जी. गाय चुकून हद्दीत शिरली की ती कोंडवाड्यात, आणि ती सोडवायला घरातले भांडे गहाण. गोंड, कोलाम, माडिया यांच्या दृष्टीने तर हा कायदा उलटाच होता. आजोबा-पणजोबांपासून ज्या रानात मोह वेचला, तिथे आपणच चोर ठरलो, हे त्यांना कळेना. आजच्या गडचिरोलीच्या मुलखात हे दुःख त्याहून जुने होते आणि त्याहून खोल.

१० जुलै १९३० रोजी पुसदला बापूजींनी हाती विळा घेतला आणि राखीव जंगलातले गवत कापले. पन्नाशीला आलेला, बावीस वर्षे न्यायाधीशापुढे उभे राहून कायद्याची कलमे सांगणारा वकील मूठभर गवतासाठी आरोपी झाला. त्यांना अटक होऊन शिक्षा झाली. त्यांच्या मागोमाग तुकड्यामागून तुकड्या जंगलात शिरल्या आणि जंगल सत्याग्रह वऱ्हाडातून मध्यप्रांतात पसरला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. असहकाराचे तत्त्व बापूजींना १९३० मध्येही पटलेले नव्हते. तरी ते उतरले. एखादा मार्ग आपल्याला पसंत नसताना, त्या मार्गाने जाणारी आपली माणसे मार खात आहेत एवढ्याच कारणासाठी त्यात पाऊल टाकणे, हा त्यांच्या स्वभावाचा भाग होता. पुढे तेरा वर्षांनी त्यांनी जे केले, त्याची किल्ली मला तरी इथे सापडते.

काँग्रेस बेकायदा ठरलेल्या काळात, १९३३ मध्ये, ते तिचे कार्यकारी अध्यक्ष होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात गांधीजींनी हरिजन कार्यासाठी आत्मशुद्धीचे एकवीस दिवसांचे उपोषण मांडले, आणि त्यांच्या सल्ल्यावरून सहा आठवडे कायदेभंग थांबवण्याचा हुकूम निघाला तो बापूजींच्या सहीने. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर त्यांचे काँग्रेसशी बिनसले. निवाडा स्वीकारायचाही नाही आणि धिक्कारायचाही नाही, ही काँग्रेसची भूमिका त्यांना डोळेझाक वाटली. मदनमोहन मालवीयांबरोबर ते बाहेर पडले आणि वेगळा राष्ट्रीय पक्ष काढून निवडणुकीला उभे राहिले. त्यांचे मत बरोबर होते की चूक, हा वाद इतिहासकारांचा. पण ज्या संस्थेचे काल अध्यक्षपद सांभाळले, तिच्याविरुद्ध आज मते मागायला उभे राहायचे, तर घरचे नि दारचे दोन्ही तुटतात. ते तुटले.

१९४१ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी कार्यकारी मंडळ वाढवले आणि त्यात काही भारतीय सभासद घेतले. त्यांत बापूजी होते. परदेशातील भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. काँग्रेसवाल्यांनी नाके मुरडली. लढा चालू असताना हे सरकारात जाऊन बसले! पण टिळकांच्या शिष्याला त्यात विसंगत काही वाटले नसावे. मिळेल ती जागा घ्या आणि तिथून भांडा, हेच तर ते तीस वर्षे सांगत आले होते. शिवाय खाते नुसते शोभेचे ठरले नाही. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथले चार-पाच लाख भारतीय जीव घेऊन मायदेशी निघाले. त्यांतले असंख्य डोंगर-जंगलांतून पायी, उपाशी, तापाने फणफणत. वाटेतच कित्येक गेले. या निर्वासितांचा प्रश्न बापूजींच्या खात्याचा होता. अशा वेळी पद सोडणारा माणूस कोणाला उपयोगी पडणार, असा विचार कोणाही शहाण्या माणसाच्या मनात येईल.

आणि मग ऑगस्ट आला.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला, ९ तारखेच्या पहाटे पुढारी पकडले गेले. सरकारची भूमिका जाहीर झाली ती कार्यकारी मंडळाच्या नावाने, म्हणजे बापूजींच्याही नावाने. आठवड्याने, १६ ऑगस्टला, ऐन नागपंचमीच्या सणात चिमूर पेटले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी त्या भागातली माणसे आधीच भारलेली होती. मिरवणूक निघाली, लाठी चालली, गोळी चालली. सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला. खवळलेल्या जमावाने मग सरकारी अधिकाऱ्यांना गाठले, आणि त्यांतले चार जण मारले गेले. हेही सांगितले पाहिजे. त्या चौघांनाही घरे होती. पण त्यानंतर जे झाले ते कायद्याच्या कोणत्याच पुस्तकात बसणारे नव्हते. फौज आली. गावातले पुरुष धरधरून नेले. मागे राहिलेल्या घरांत शिपाई शिरले, लूट झाली, बायकांची अब्रू घेतली गेली. डॉ. मुंजे यांच्यासारखा काँग्रेसचा विरोधकही चिमूरला जाऊन आला आणि बायकांची गाऱ्हाणी ऐकून चौकशीची मागणी करू लागला. सरकारने चौकशी नाकारली.

चिमूरच्या बायकांनी बोलावे तरी कोणाशी? प्रांतात लोकांचे मंत्रिमंडळ नव्हते. ते १९३९ च्या अखेरीस बाहेर पडले होते आणि गव्हर्नर सर हेन्री ट्वायनॅम एकहाती कारभार पाहत होते. वर्तमानपत्रांवर बंधने होती. पुढारी तुरुंगात. दिल्लीत, सरकारच्या अगदी आतल्या खोलीत, या भागाची बोली समजणारा, चिमूर कुठे आहे हे नकाशात न पाहता सांगू शकणारा माणूस होता तो एक, वणीचे बापूजी.

सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी नोव्हेंबर १९४२ च्या सुरुवातीला दिल्लीला गेले ते याच आशेने. भन्साळी हा माणूसच वेगळ्या मुशीतला. एके काळचे प्राध्यापक, पुढे विरक्त. मौनव्रत पाळताना बोलणे होऊ नये म्हणून त्यांनी एकदा ओठ तारेने शिवून घेतले होते. कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन ते हिंडले होते. त्यांनी बापूजींना गाठले आणि चिमूरच्या चौकशीसाठी आपले वजन खर्च करा, अशी विनवणी केली. बापूजींनी असमर्थता दाखवली. भन्साळींनी त्यांच्याच घरी अन्न सोडले. पोलिसांनी त्यांना उचलून सेवाग्रामला आणून सोडले.

बापूजींच्या बाजूने बोलायचे तर नियम स्वच्छ होता. कायदा आणि सुव्यवस्था गृहखात्याची. चिमूर मध्यप्रांताच्या गव्हर्नरच्या हद्दीतले. परदेशातल्या भारतीयांचे खाते सांभाळणाऱ्या सभासदाचा त्यात काडीचा अधिकार नाही. मंडळाच्या बैठकीत काय बोलणे झाले ते बाहेर सांगायचे नाही आणि मंडळाचा निर्णय तो आपला निर्णय मानायचा, हीही शिस्त. पुसदच्या जंगलात नियम मोडणे एका अर्थी सोपे होते. तो परक्याचा नियम होता आणि बापूजी कुंपणाबाहेर उभे होते. इथे ते कुंपणाच्या आत होते, नियम त्यांनी स्वतः पत्करलेला होता, आणि तो मोडायचा तर निर्वासितांचे हाती घेतलेले काम टाकून जायचे होते. कचेरीत नोकरी करणाऱ्या कोणालाही हा पेच ओळखीचा वाटेल. समोरचा अन्याय दिसतो, पण फाइल आपल्या टेबलावरची नसते.

तरीही एक आडदांड फकीर घरात उपाशी बसतो आणि पोलिस येऊन त्याला नेतात, हे ज्याच्या दारात घडते त्याला त्या रात्री झोप कशी लागली असेल?

भन्साळी थांबले नाहीत. ते पायी चिमूरकडे निघाले. पोलिसांनी पुन्हा आणून सोडले. ११ नोव्हेंबरपासून त्यांचे उपोषण चालू राहिले. त्याच्या बातम्या छापू नयेत म्हणून मध्यप्रांत सरकारने हुकूम काढला, आणि त्या बंदीच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी हरताळ पाळून आपले अंक काढले नाहीत. जंगलातल्या एका खेड्यासाठी मोठमोठ्या शहरांतले छापखाने एक दिवस थांबले! अखेर डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने तडजोड होऊन १२ जानेवारीला, त्रेसष्टाव्या दिवशी, उपोषण सुटले. बंदी उठली. स्त्रियांच्या अब्रूची सरकारला कदर आहे, अशा आशयाचे निवेदन निघाले. चौकशी मात्र झाली नाही.

यानंतर महिन्याच्या आत, १० फेब्रुवारीला, गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. वय त्र्याहत्तर. महादेवभाई देसाई त्याच वाड्यात सहा महिन्यांपूर्वी गेलेले. उपोषणापुरते सोडू, अशी सरकारची तयारी होती. गांधीजींनी ती सवलत नाकारली. सातव्या-आठव्या दिवशी प्रकृती ढासळू लागली. त्यांना बिनशर्त सोडा, असे म्हणणारे मंडळात होते, पण लिनलिथगो आणि लंडनमध्ये बसलेले चर्चिल यांनी मन घट्ट केले होते. म्हातारा तुरुंगात मेला तरी बेहत्तर, असा तो हिशेब होता. गांधीजी गेले असते, तर त्या मृत्यूवर मंडळातल्या प्रत्येकाची सही उमटली असती.

१७ फेब्रुवारी १९४३ रोजी तीन भारतीय सभासद बाहेर पडले. मुंबईचे सर होमी मोदी, बंगालचे नलिनीरंजन सरकार आणि बापूजी अणे. त्यांचे निवेदन अगदी चार ओळींचे. मूलभूत प्रश्नावर मतभेद झाले, म्हणून पदावर राहता येत नाही. व्हाइसरॉयनी वागवले सौजन्याने, त्याबद्दल आभार. त्यात आदळआपट नाही, हौतात्म्याचा आव नाही, आणि चिमूरचा उल्लेखही नाही.

हे लिहिताना एक काळजी घ्यायला हवी. मंडळातले सगळे भारतीय सभासद त्या दिवशी उठून गेले नाहीत. मजूर खाते सांभाळणारे डॉ. आंबेडकर राहिले, आणि त्यांच्या कारकिर्दीतच १९४४ मध्ये कोळसा खाणीतल्या मजुरांसाठी कल्याण निधी उभा राहिला. बल्लारपूर-घुग्घुसपासून वणीपर्यंतच्या कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. जो उठला त्यालाच तेवढी सद्सद्विवेकबुद्धी आणि जो बसला त्याला नाही, असा सरधोपट हिशेब इथे चालत नाही. प्रत्येकाने आपल्याला कोणासाठी उत्तर द्यायचे आहे ते पाहिले.

बापूजींनी कोणासाठी उत्तर दिले? वरवर पाहता एका माणसासाठी, तेही ज्याच्याशी त्यांचे राजकारणात जन्मभर पटले नाही अशा माणसासाठी. चिमूरच्या बायकांसाठी त्यांनी पद सोडले नाही, महात्म्यासाठी सोडले. चंद्रपूरकराच्या मनात हा सल राहणार, आणि राहिला तर त्यात गैर काही नाही. पण मला असे वाटते, की नोव्हेंबरात दिलेला नकार फेब्रुवारीतल्या त्या आठवड्यात बापूजींच्या कानात वाजत असला पाहिजे. दारात उपाशी बसलेला एक माणूस त्यांनी पाहिला होता. पोलिसांनी तो नेला होता, आणि नियमाने सगळे सुरळीत झाले होते. दुसऱ्यांदा तीच वेळ आली, तेव्हा नियमाच्या आड उभे राहणे त्यांना जमले नाही. उशीर झाला खरा. पण उशीर झाला म्हणून आता उठून काय उपयोग, असे म्हणून बसून राहणारी माणसे आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहेत.

गांधीजी त्या उपोषणातून वाचले. ३ मार्चला ते सुटले. राजीनाम्याने सरकार हलले नाही. चिमूर आणि आष्टीच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या होत्या. देशभर ओरड झाली आणि बरीच खटपट होऊन १९४५ मध्ये फाशीच्या दोरीखाली असलेल्यांना जन्मठेप मिळाली. पुढे ते सुटून घरी आले.

बापूजींच्या वाट्याला कौतुक आले तसे टोमणेही आले. त्याच वर्षी, १९४३ मध्ये, ते सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले, तेव्हा पुन्हा इंग्रजांचीच चाकरी, असे लोकांनी म्हटले. चहाच्या मळ्यांवरच्या तमिळ मजुरांचा प्रश्न तिथे धुमसत होता आणि १९४७ पर्यंत ते तिथे राहिले. स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ ते बिहारचे राज्यपाल होते. त्यानंतर एखादा माणूस घरी नातवंडांत रमला असता. हे वेगळ्या विदर्भासाठी काँग्रेसविरुद्ध उभे राहिले आणि ऐंशीच्या घरात नागपूरहून लोकसभेवर निवडून गेले. त्यांचे नातू श्रीहरी अणे महाराष्ट्राचे महाधिवक्ता असताना वेगळ्या विदर्भाच्या त्यांच्या मताने वादळ उठले आणि २०१६ मध्ये त्यांनी पद सोडले, तेव्हा यवतमाळ-वणीकडच्या जुन्या माणसांना फारसे नवल वाटले नसेल.

उतारवयात बापूजींनी एक काम मनापासून केले. टिळकांचे चरित्र संस्कृत श्लोकांत लिहायला घेतले. ‘श्रीतिलकयशोर्णव’ हे त्याचे नाव. हजारो श्लोक, तीन खंड. ज्यांच्या शिकवणीवर ते आयुष्यभर चालले, ज्या शिकवणीने त्यांना व्हाइसरॉयच्या मंडळात नेऊन बसवले, त्या गुरूचे ऋण त्यांनी असे फेडले. २६ जानेवारी १९६८ रोजी ते गेले. त्याच वर्षीच्या पद्मविभूषणाच्या यादीत त्यांचे नाव होते. ग्रंथ मागाहून छापून निघाला. १९७३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांना जाऊन पाच वर्षे झाली होती.